लग्नातले फोटो मऊ (पुसट) येताहेत? लेन्स विकायच्या आधी हे तपासा

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसला होता. रात्री दीडला घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठा केला, तर नवरीचे डोळे पुसट आणि नथ मात्र कडक. पुढच्या फोटोत दोघंही पुसट, पण मागच्या रांगेत जांभई देणारा मामा लख्ख. तिसऱ्यात कुणीच धड नाही. चार दिवसांनी फोन येतो, "दादा, फोटो छानच आलेत, पण जरा ब्लर वाटतायत का हो?"

अमळनेर, धुळे, जळगाव या पट्ट्यात मी चौदा सीझन लग्नं करतोय. माझी पद्धत 'इकडे बघा, हसा' म्हणायची नाही, माणसांना त्यांच्या नादात राहू द्यायची. या पद्धतीत हा दोष जास्त छळतो, कारण स्टेजवर उभा केलेला माणूस फोटोपुरता तरी थांबतो. नादात असलेला थांबत नाही. दर सीझनला एखादा नवा पोरगा 'लेन्स गेली' म्हणून बॅग घेऊन माझ्याकडे येतो. लेन्स क्वचितच गेलेली असते. पहिल्या वर्षी मी स्वतः याच संशयाने चांगली ५० मिमीची लेन्स निम्म्या भावात विकली होती. ज्याने घेतली तो आजही तिच्यावर ऑर्डरी करतो.

आधी दोष कुठल्या जातीचा ते ठरवा

फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करा आणि घाई न करता सगळी चौकट फिरून बघा.

– चेहरा पुसट, पण पुढचं किंवा मागचं काहीतरी शार्प : फोटो आउट आहे, फोकस चुकलाय.
– सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, लाइटिंगच्या माळेतल्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झालेल्या : तुमचा हात हलला.
– मंडपाचे खांब शार्प, नाचणारी करवली पुसट : ती हलली, शटरचा वेग कमी पडला.
– कडा आहेत, पण सगळ्यावर दुधाळ साय : काच घाण आहे.
– लांबून काढलेल्या फोटोत कडा पाण्यात पाहिल्यासारख्या लहरी : ऊन.
– दर फोटोत एकच बाजू पुसट : इथे मात्र लेन्सवर संशय घ्या.

एवढं ठरवलं की निम्मं काम झालं. बरेच जण हे न करताच दुकान गाठतात. सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या, चित्र टिपणाऱ्या पाटीवर) धूळ बसल्याने फोटो मऊ येतो हाही एक गैरसमज आहे. सेन्सरवरची धूळ एफ ११, एफ १६ ला (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, बारीक असताना) आकाशात काळपट ठिपके म्हणून दिसते, ती चेहरा पुसट करत नाही. त्यामुळे या तक्रारीसाठी सेन्सर साफ करायला पैसे घालू नका.

आता तपासण्या. वरच्या फुकटच्या, खालच्या खर्चाच्या. क्रम मोडू नका.

फोटो खरंच मऊ आहे का?

तक्रार करणाऱ्याने फोटो कुठे पाहिला ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा व्हॉट्सॲप असतं. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करून, दाबून पाठवतं. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. खरी भीती याच्या पुढची आहे. घरचे लोक तोच दाबलेला फोटो डिझायनरला पाठवतात, 'हा मोठा घ्या' म्हणून, आणि तो अल्बमच्या पूर्ण पानावर चढतो.

इथे थोडा हिशोब करा. १२ × ३६ इंचाचं उघडं पान ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) भरायला १०८०० × ३६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा मूळ फोटो असतो ६००० × ४०००. म्हणजे न कापता आडवा पसरला तरी इंचाला १६६ च पिक्सेल मिळतात. हातभर अंतरावरून तेही चालून जातं. पण त्याच फोटोतून फक्त दोन चेहरे कापून पानभर ताणले, तर जगातली कुठलीही लेन्स तुम्हाला वाचवणार नाही. मी डिझायनरला फोल्डर देताना पानभर चालतील असे वीस-पंचवीस फोटो वेगळे काढूनच देतो.

काच पुसा

हसू नका. एका हळदीत मी आजीबाईंचा फोटो काढून त्यांना स्क्रीनवर दाखवला. त्या म्हणाल्या, "भाऊ, मनं तोंड धूरमा कसं काय दिसी ऱ्हायनं?" आसपास ना चूल, ना धूर. लेन्सवर अख्खा पिवळा अंगठा उमटला होता. मुलीला हळद लावून झाल्यावर कुणीतरी प्रेमाने मलाही लावायला आलं होतं, त्याचा हा प्रसाद.

हळदीत तेल असतं, म्हणून कोरड्या फडक्याने ती पसरते. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग लेन्सच्या द्रवाचे दोन थेंब फडक्यावर (काचेवर नाही) टाकून आतून बाहेर गोल पुसा. शर्टाचं टोक वापरू नका. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते काचेवरच्या लेपाला ओरखडतात.

उन्हाळ्यातल्या लग्नांत दुसरी खोडी मांडवातले फवाऱ्याचे पंखे आणि जंबो कूलर करतात. त्यांचे सूक्ष्म थेंब काचेवर बसून वाळतात आणि पाण्यातला क्षार पांढुरक्या टिपक्यांनी मागे राहतो. समोरून प्रकाश आला की हेच टिपके फोटो दुधाळ करतात. पंख्याच्या झोताच्या रेषेत उभं राहायचं नाही, आणि हूड (लेन्सच्या तोंडावरची कॉलर) कायम लावायचं.

लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून दोन फोटो काढा, लावून दोन काढा, शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर फिल्टर कपाटात.

बटणं

बॅगेतून लेन्स उपसताना एएफ-एमएफचं (फोकस आपोआप की हाताने, हे ठरवणारं) बटण एमएफवर, म्हणजे हातावर, सरकतं. हा दोष मी इतक्या वेळा 'दुरुस्त' केलाय की आता कुणी कॅमेरा हातात दिला की माझा अंगठा आपोआप त्या बटणाकडे जातो. शेजारचं स्टॅबिलायझरचं (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचं) बटणही बघा. हातात कॅमेरा असेल तर चालू. ट्रायपॉडवर जुन्या लेन्सचं बंद, कारण हालचाल नसताना ते स्वतःच काच हलवत राहतं. आणि व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावायच्या खिडकीच्या) बाजूची बारीक चकती फिरलेली असेल, तर चित्र तुमच्या डोळ्यालाच पुसट दिसतं, फोटो ठीक असतो. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवा. झालं.

शटर : बहुतेकांचा दोष इथेच सापडतो

नवा पोरगा अॅपर्चर प्रायॉरिटीवर (भोक आपण ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने) कॅमेरा ठेवतो, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ऑटो, आणि निर्धास्त होतो. बाहेर उन्हात सगळं छान चालतं. मग पाहुणे जाड लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात शिरतात, उजेड एकदम पडतो आणि कॅमेरा गुपचूप १/६० वर (सेकंदाचा साठावा भाग) उतरतो. १/६० ला गप्पा मारणारा माणूससुद्धा हलतो. आत्याबाई बोलताना हात किती हलवतात ते एकदा निरखून बघा.

जुना नियम असा की शटर लेन्सच्या मिमीच्या आकड्यापेक्षा कमी नको. ८५ ची लेन्स असेल तर किमान १/८५. क्रॉप (लहान) सेन्सरवर त्याला दीडने गुणा, म्हणजे साधारण १/१२५. पण हा नियम फक्त तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आहे. समोरच्याच्या हालचालीशी त्याचा संबंध नाही. स्टॅबिलायझरचंही तेच : तो तुमचा हात सावरतो, नवरदेवाच्या मित्रांचा नाच नाही. माझे आकडे असे. बसून गप्पा : १/२००. चालणारं जोडपं : १/३२०. हळदीची झटापट, पळणारी पोरं, वरातीतला दिवसाचा नाच : १/५०० किंवा वर.

यावर फुकटचा इलाज मेनूतच आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्या आत 'किमान शटर' नावाचा पर्याय असतो. तो १/२५० करा आणि आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाण्यांची तक्रार माझ्याकडे आजवर एकाही नवरीने केलेली नाही, हललेल्या फोटोची प्रत्येकीने केली आहे. फक्त नंतर एडिटिंगला बसलात की नॉइज रिडक्शन आणि स्किन स्मूथचे काटे शेवटपर्यंत ओढू नका. शार्प आलेला फोटो तिथे मेणाचा करणारेही मी पाहिलेत.

एफ १.८ चा मोह

मागचं सगळं विरघळलेलं दिसावं म्हणून प्राइम (झूम नसलेली) लेन्स घेतली जाते, आणि घेतली म्हणून ती कायम एफ १.८ वरच राहते. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) ८५ ची लेन्स, २ मीटर अंतर, एफ १.८ : पुढून मागे शार्प पट्टा साधारण ६ सेंटिमीटरचा. नाकाच्या टोकापासून कानापर्यंत याहून जास्त अंतर असतं. नथ शार्प आणि डोळे पुसट का, ते आता कळलं असेल. तीच लेन्स एफ ४ ला साधारण १३ सेंटिमीटर देते.

दोघांचा फोटो असेल तर आणखी बघा. ४ मीटरवरून एफ १.८ ला पट्टा साधारण २४ सेंटिमीटर, एफ २.८ ला ३७. जोडपं हातात हात घालून चालत येतं तेव्हा एकाचं पाऊल जवळजवळ नेहमीच पुढे असतं. म्हणून दोघं असतील तर मी एफ २.८ च्या खाली जात नाही, कुटुंब असेल तर एफ ५.६. मागचं धूसर हवं असेल तर अॅपर्चर उघडण्याऐवजी माणसांना झाडाझुडपांपासून, भिंतीपासून दहा-पंधरा पावलं पुढे आणा. एफ ४ लाही मागचं सुंदर विरघळतं.

फोकस कुठे जातोय

इथे आपल्या लग्नांची स्वतःची अशी भानगड आहे. मुंडावळ्या. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, चमकणाऱ्या, डोळ्यांपेक्षा दोन-तीन बोटं पुढे असणाऱ्या मोत्यांच्या सरी. ऑटोफोकसला जवळचं आणि ठळक कडांचं जे दिसेल ते आवडतं. तो मोत्यावर जाऊन बसतो. चेहरा ओळखणारे नवे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे यात बरे, पण नवरदेवाने बाशिंग बांधून मान खाली घातली की तेही गोंधळतात. अशा वेळी मी 'ऑटो एरिया' सोडून एकच छोटा पॉइंट घेतो आणि तो कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर ठेवतो. मधल्या पॉइंटने फोकस धरून कॅमेरा बाजूला वळवायची जुनी सवय एफ २ च्या आत सोडा. वळवण्यात जो थोडासा फरक पडतो तोही डोळा त्या ६ सेंटिमीटरच्या पट्ट्याबाहेर जायला पुरेसा ठरू शकतो.

दुसरी गोष्ट मोडची. सिंगल मोडमध्ये कॅमेरा एकदा फोकस धरतो आणि तसाच राहतो. साधं चालणारं माणूस अर्ध्या सेकंदात अर्धा मीटर पुढे येतं. तुम्ही हसू उमटायची वाट बघत बोट अर्धं दाबून थांबलात, तेवढ्यात माणूस पट्ट्याच्या बाहेर गेलं. माणसं हलती असतील तर कंटिन्युअस मोड, ज्यात फोकस माणसाच्या मागे सरकत राहतो. आणि टाळीच्या वेळी, म्हणजे लग्न लागताना? पत्रिकेवर साडेबारा, प्रत्यक्षात दोनला का होईना, टाळी लागते आणि अक्षतांचा असा मारा होतो की कंटिन्युअसमधला फोकस तांदळाच्या मागे धावतो. बऱ्याच कॅमेरा-बॉड्यांच्या मेनूत, मध्ये काही आडवं आलं तर फोकस किती पटकन सोडायचा, याची सेटिंग असते. नाव कंपनीप्रमाणे बदलतं. ती 'सावकाश'कडे न्या.

केळीच्या बागेतलं शूट वेगळं सांगतो, कारण रावेर-यावलकडच्या जोडप्यांना आपल्या बागेत फोटो हवेच असतात, आणि ते फार सुंदरही येतात. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं, आत दोन ओळींमध्ये हिरवा अंधार, आणि फाटक्या पानांतून उन्हाचे कवडसे. डोळ्याला उजेड पुरेसा वाटतो, पण शटर बघा, कोसळलेलं असतं. त्यात जवळचं एखादं पान वाऱ्याने मध्ये झुलतं आणि त्याची उन्हातली कड फोकसला खेचून घेते. मी जोडप्याला ओळीच्या तोंडाशी आणतो, जिथे सावली आहे पण बाहेरचा उजेड चेहऱ्यावर येतो. मग त्यांना काही सांगत नाही. बागेचा मालक सोबत असतो, तो पाणी, भाव, वादळ यावर बोलायला लागतो, ती दोघं हसतात, माझं काम होतं. जाता जाता : केळीचा चीक शालूला लागला तर डाग निघत नाही, आणि ठिबकच्या नळ्यांत पाय अडकून पडलात तर हा लेख थेट शेवटच्या भागापासून वाचावा लागेल.

ऊन

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपासची लग्नं, पारा ४४ च्या घरात, आणि तुम्ही दुपारी एकला ७०-२०० च्या झूम लेन्सने लांबून वरात टिपताय. तापलेल्या डांबरावरची हवा उकळत असते. त्या हवेतून जाणारा प्रकाश वाकतो, म्हणून कडा लहरी येतात. महागडी लेन्स हे जास्तच स्पष्ट दाखवते. इलाज दोनच, जवळ जा किंवा वेळ बदला. मे महिन्यात जळगावकडे सूर्य पावणेसहा-सहाला उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. लळिंगचा किल्ला असो, पद्मालयचा तलाव असो की तापीचा काठ, मी जोडप्याला सकाळी सहाला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर बोलावतो. पाटणादेवीला जायचं असेल तर तो भाग अभयारण्यात येतो, वनखात्याला आधी विचारा.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. मांडवाबाहेर उन्हात टेबलावर काळी बॉडी ठेवून पंगतीला बसू नका.

घरची परीक्षा

वरचं सगळं करूनही फोटो मऊ असेल तर आता लेन्सकडे या. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि एक वर्तमानपत्र पुरेसं आहे. पेपर भिंतीवर सपाट लावा, अॅपर्चर पूर्ण उघडा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर पाच फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढा, पाच लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा धरा. लाइव्ह व्ह्यूचे पाचही शार्प आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही पुसट आले, तर काच उत्तम आहे, बॉडीतली फोकस मोजणारी यंत्रणा आणि लेन्स यांचा मेळ बसत नाही. मधल्या आणि वरच्या दर्जाच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये याला मेनूतून दुरुस्ती असते, ती एकेक अंकाने करत पुन्हा पेपर टिपा. स्वस्त बॉडीत ती नसते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरच मोजतो, म्हणून हा रोग सहसा होत नाही.

कधी शार्प, कधी पुसट असं अनियमित होत असेल तर कॅमेरा बंद करून लेन्स काढा आणि मागचे सोनेरी ठिपके कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसा. खोडरबर घासू नका, त्याचा चुरा आत पडतो.

एक बाजू पुसट येत असेल तर प्लास्टर नसलेली विटांची भिंत शोधा. खान्देशात तिला तोटा नाही. समोर सरळ उभे राहून एफ ४ ला फोटो, मग कॅमेरा उलटा धरून दुसरा. दोन्ही वेळा फोटोची तीच बाजू पुसट असेल, तर आतली काच तिरपी झाली आहे. शेवटी टॉर्च : लेन्सच्या एका टोकाने प्रकाश टाकून दुसऱ्या टोकाने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळाभर बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती धरते.

इथे थांबा

काच तिरपी, आत बुरशी, फोकसची रिंग अडकते, हलवल्यावर आत खडखडतं, अॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसतं, कॅमेरा पडलाय, पाणी आत गेलंय : यातलं काहीही असेल तर स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू नका. पाणी गेलं असेल तर बॅटरी काढा आणि चालू करून बघायचा मोह आवरा.

मी एकदा पैसे वाचवायला गेलो. 'बुरशी काढून देतो, दोन तासांत' म्हणणाऱ्या एकाकडे ७०-२०० दिली. बुरशी गेली. पण काच परत बसवताना ती किंचित तिरपी बसली, आणि पुढची तीन लग्नं मी डाव्या बाजूला कुणाला उभंच करत नव्हतो. नंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तीच लेन्स पाठवली, तेव्हा आधी उघडलेली आहे म्हणून त्यांनी खर्च वाढवून सांगितला.

पाठवताना पेपरचे आणि विटांचे फोटो सोबत द्या, नुसतं 'ब्लर येतो' लिहू नका. फोकसचा मेळ बसत नसेल तर बॉडी आणि लेन्स दोन्ही पाठवा, एकट्या लेन्सवरून त्यांना काही कळत नाही. कार्ड काढून घ्या, सीरियल नंबर पावतीवर लिहून घ्या, आणि खर्चाचा अंदाज आल्याशिवाय काम सुरू करू नका म्हणून सांगा. हे सगळं तुळशीच्या लग्नाआधी उरका. सीझन लागला की लेन्स कधी परत येईल ते कुणी सांगत नाही, आणि भाड्याच्या लेन्सवर तुम्हाला पुन्हा पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी लागते.